लाखात एक : दिलासा की आभास?

गोव्याचे मुख्यमंत्री आणि देशाचे माजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचे १७ मार्च २०१९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा ते ६३ वर्षांचे होते. २०१८च्या प्रारंभी आजार उघड झाल्यापासून त्यांना जेमतेम वर्षभराचा अवधी मिळाला. मुंबई, न्यूयॉर्क आणि दिल्ली येथील उत्तमोत्तम उपचार उपलब्ध असूनही हा अवधी वाढला नाही. त्या वर्षभरात महाराष्ट्र आणि गोव्यातील असंख्य घरांमध्ये स्वादुपिंड या अवयवाचे नाव प्रथमच गंभीरपणे उच्चारले गेले. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असलेला हा अवयव अन्न पचविणारे रस आणि साखरेवर ताबा ठेवणारे इन्सुलिन निर्माण करतो. त्याचा कर्करोग झाल्यास वर्षानुवर्षे पत्ता लागत नाही आणि लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो, हे त्यानिमित्ताने सर्वांना कळले.

तथापि, याच रोगाची जागतिक आकडेवारी पाहिली तर भारतीय वाचकाला सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटेल. हंगेरीसारख्या देशात हा रोग दर वर्षी लाखामागे दहाहून अधिक जणांना होतो, तर भारतात लाखामागे सुमारे एकाला. लोकसंख्येतील वयोमानाचा फरक वजा करूनही हे अंतर कायम राहते. जगातील जवळपास १८ टक्के माणसे भारतात राहतात, पण या रोगाने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा तीन टक्क्यांपेक्षाही कमी आहे. एवढा फरक कशामुळे? आपल्या आहारात, रक्तात वा जीवनशैलीत काही संरक्षक गुण आहे, की मोजणीतच कोठेतरी गफलत आहे? आणि जो दिलासा आज दिसतो, तो उद्या टिकणार आहे काय? सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण त्यांच्या उत्तरावर पुढील वीस-पंचवीस वर्षांचे नियोजन अवलंबून आहे.

मृत्यूचा नकाशा

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या वर्षी जगात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि ४ लाख ६७ हजार रुग्ण दगावले. नव्या रुग्णांच्या संख्येत हा कर्करोग बाराव्या क्रमांकावर असला, तरी बळी घेण्यात तो सहावा आहे. या दोन आकड्यांतील अंतर किती कमी आहे, हे स्तनांच्या कर्करोगाशी तुलना केल्यास ध्यानात येते. त्याच वर्षी स्तनांच्या कर्करोगाचे सुमारे २३ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू ६ लाख ६६ हजार झाले. म्हणजे तेथे रुग्णांच्या तुलनेत मृत्यूंचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत ते नव्वद टक्क्यांहून अधिक आहे.

या एका गोष्टीमुळे स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा भूगोल इतर कर्करोगांपेक्षा निराळा ठरतो. स्तनांच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगात श्रीमंत आणि गरीब प्रदेशांतील मृत्युदरांचा फरक बराचसा उपचारांचा फरक असतो. जेथे तपासणी वेळेवर होते आणि औषधे मिळतात तेथे माणसे वाचतात. जेथे हे होत नाही तेथे मरतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र श्रीमंत देशही हतबल आहेत. विविध देशांतील कर्करोगातून वाचण्याच्या प्रमाणाचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला व्यापक अभ्यास सांगतो की, निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक ठिकाणी ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यानच आहे. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यास हे प्रमाण तीन टक्के होते. अब्जावधी डॉलर खर्च झाल्यानंतर ते आता १३ टक्क्यांवर आले आहे. त्यामुळे एखाद्या प्रदेशातील या रोगाचा मृत्युदर त्या प्रदेशातील रुग्णालयांविषयी फारसे काही सांगत नाही. तेथील लोक काय ओढतात, किती खातात, किती वर्षे जगतात आणि मेल्यानंतर त्यांच्या मृत्यूचे कारण कोण व कसे लिहितो, हे मात्र तो बरेच सांगतो.

या दृष्टीने नकाशा पाहिला तर चित्र स्पष्ट होते. सर्वाधिक दर मध्य व पूर्व युरोप, पश्चिम युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान आणि दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे येथे आढळतात. सर्वांत कमी दर दक्षिण आशिया आणि आफ्रिकेच्या बहुतांश भागात आहेत. मानवी विकास निर्देशांकात वरच्या स्थानी असलेल्या देशांमधील दर खालच्या देशांच्या चार ते पाच पट आहेत. आर्थिक प्रगतीबरोबर कमी होणारे रोग जगाला परिचित आहेत. हा रोग प्रगतीच्या पाठोपाठ चालत येतो.

अमेरिकेतील चढउतार

कोणत्याही क्षणीचा नकाशा हे स्थिरचित्र असते. काळाच्या ओघात दर कसे बदलले हे पाहिल्यावरच कारणांचा उलगडा होतो. त्यासाठी अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथील १९७० ते २००९ या काळातील मृत्युदरांचे वंशनिहाय विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार गौरवर्णीय पुरुषांमधील मृत्युदर १९७० पासून १९९५ पर्यंत दर वर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटत होता. त्यानंतर मात्र दिशा पालटली आणि तो दर वर्षी सुमारे ०.४ टक्क्याने वाढू लागला. गौरवर्णीय स्त्रियांमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत स्थिर असलेला दर त्यानंतर चढू लागला. कृष्णवर्णीयांमध्ये उलट घडले. त्यांचे दर साधारण १९९०च्या आसपासपर्यंत वाढत गेले आणि मग उतरू लागले. असे असूनही त्यांच्यातील मृत्युदर गोऱ्यांपेक्षा अधिकच राहिला.

एकाच देशात, एकाच आरोग्यव्यवस्थेच्या छायेत चार गटांचे चार वेगवेगळे आलेख निघावेत, याचा अर्थ काय? घसरणीचे श्रेय संशोधक प्रामुख्याने धूम्रपानाच्या घटत्या प्रमाणाला देतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा धूम्रपानविषयक अहवाल १९६४ साली आला आणि त्यानंतर प्रथम गौरवर्णीय पुरुषांनी सिगारेट सोडण्यास आरंभ केला. धूम्रपान करणाऱ्यास स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका साधारण दुप्पट असतो आणि सवय सोडल्यानंतर तो हळूहळू, दहा ते वीस वर्षांत, ओसरतो. स्त्रियांनी सिगारेट उशिरा हाती घेतली आणि उशिरा सोडली. त्यामुळे त्यांचा आलेख पुरुषांच्या आलेखामागून चालला. १९९०च्या दशकानंतर जी वाढ दिसते तिच्यामागे प्रामुख्याने लठ्ठपणा आणि मधुमेह असावेत, असा तज्ज्ञांचा कयास आहे. सिगारेटने जे कमावून दिले होते ते वाढत्या कंबरेने हिरावून घेतले, असे या चाळीस वर्षांच्या हिशेबाचे सार सांगता येईल.

युरोपचे चित्र याच्याशी मिळतेजुळते आहे. तेथे जठर, फुप्फुस, मोठे आतडे आणि स्तन यांच्या कर्करोगांचे मृत्युदर एकंदरीत खाली येत असताना स्वादुपिंडाचा दर खाली येण्यास तयार नाही. युरोपीय संघात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे बळी स्तनांच्या कर्करोगापेक्षा अधिक होतील, असे भाकीत संशोधकांनी २०१६ सालीच केले होते. अमेरिकेत २०३० पर्यंत हा कर्करोग फुप्फुसाच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकाचा मारेकरी ठरेल, असा अंदाज २०१४ साली वर्तविण्यात आला. इतर कर्करोगांवर मात होत असताना जो जागचा हलत नाही, तो आपोआपच यादीत वर सरकतो.

जपानचा धडा

गौरवर्णीय पाश्चात्त्यांचा हा रोग आहे, आशियाई माणसाला त्याची फारशी बाधा होत नाही, असा समज एकेकाळी रूढ होता. जपानने तो खोटा ठरविला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानमध्ये या रोगाचे मृत्युदर अमेरिकेच्या मानाने फारच कमी होते. आज जपान सर्वाधिक दर असलेल्या देशांच्या पंक्तीत बसला असून तेथे दर वर्षी ३७ हजारांहून अधिक माणसे या कर्करोगाने मरण पावतात. जपानी माणसाची गुणसूत्रे दोन पिढ्यांत बदललेली नाहीत. बदलले ते धूम्रपान, आहार, मधुमेहाचे प्रमाण, आयुर्मान आणि रोग शोधण्याची क्षमता.

चीनमध्ये याच प्रवासाचा पुढचा टप्पा दिसतो. तेथे दर वर्षी एक लाखाहून अधिक मृत्यू या रोगाने होतात. शांघायसारख्या पूर्व किनाऱ्यावरील समृद्ध शहरी पट्ट्यात दर अधिक आणि पश्चिमेकडील ग्रामीण भागात कमी, अशी तेथील विभागणी आहे. वैद्यकीय परिभाषेत ज्याला आनुवंशिक प्रवणता म्हणतात तिचे स्थान अर्थातच नाकारता येत नाही. रक्तगट ओ असलेल्यांपेक्षा ए वा बी रक्तगट असलेल्यांना हा कर्करोग होण्याचा धोका काहीसा अधिक असतो, हे २००९ मधील जनुकीय संशोधनाने दाखवून दिले. परंतु बी रक्तगटाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या प्रदेशांपैकी भारत एक आहे, आणि तरीही आपला दर नीचांकी आहे. म्हणजेच प्रदेशाप्रदेशांमधील मोठी तफावत रक्ताच्या आधारे समजावून सांगता येत नाही.

भारताच्या आकड्यात काय दडले आहे

भारताचा ‘लाखात एक’ हा आकडा तीन वेगवेगळ्या गोष्टींच्या मिश्रणातून तयार झाला आहे. त्या वेगळ्या केल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

पहिली गोष्ट वय. हा उतारवयाचा रोग आहे. अमेरिकेत निदानाचे मध्यम वय सत्तरीच्या आसपास आहे. जपानची लोकसंख्या सव्वाबारा कोटींच्या आसपास आणि भारताची १४० कोटींहून अधिक. पण जपानमधील बळींची संख्या भारताच्या नोंदलेल्या बळींच्या जवळपास तिप्पट आहे. केवळ मृत्यू भागिले लोकसंख्या असा साधा हिशेब केला, तर जपानचा दर भारताच्या तीस पटींहून जास्त निघतो. दोन्ही देशांची वयोरचना समान आहे असे गृहीत धरून वयप्रमाणित दर काढला की हेच अंतर दहापटीच्या आत येते. उरलेल्या तफावतीची कारणे अन्यत्र शोधावी लागतात. पण जी तफावत वयामुळे आहे ती भारत वृद्ध होत जाईल तसतशी नाहीशी होणार, हे सांगण्यास कोणत्याही भाकिताची गरज नाही. केरळमध्ये २०२१ साली साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण १६.५ टक्क्यांवर गेले होते. महाराष्ट्र त्याच वाटेवर आहे. शिवाय आपल्याकडे अनेक माणसे पन्नाशीतच हृदयविकाराने, क्षयाने किंवा तोंडाच्या कर्करोगाने जातात आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या वयापर्यंत पोहोचतच नाहीत. त्या रोगांवर जसजसा ताबा मिळेल तसतसा हा रोग दिसू लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे खराखुरा कमी धोका. भारतीयांमध्ये, विशेषतः ग्रामीण भागात, लठ्ठपणाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी राहिले आहे आणि स्त्रिया बहुतांशी धूम्रपान करीत नाहीत. जगभरातील आकडेवारीच्या २०१७ सालच्या विश्लेषणानुसार स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे २१ टक्के धूम्रपानामुळे, ९ टक्के रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे आणि ६ टक्के वाढलेल्या वजनामुळे होतात. या तिन्ही घटकांच्या कमतरतेचा लाभ भारताला आजवर मिळाला. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय वंशीयांचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. भारत, सिंगापूर, ब्रिटन आणि अमेरिका या चार ठिकाणच्या दक्षिण आशियाई लोकांची २००८ साली तुलना झाली, तेव्हा एकूण कर्करोगाचे दर भारतात सर्वांत कमी आणि अमेरिकेत सर्वाधिक आढळले. वंश तोच, स्थळ बदलले आणि दर वाढले.

तिसरी गोष्ट मोजणीची. ती सर्वांत अडचणीची आहे. देशात नोंदविल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केले असे मृत्यू २०२० साली अवघे २२.५ टक्के होते. गोव्यात जवळजवळ प्रत्येक मृत्यूचे कारण प्रमाणित होते. उत्तरेकडील काही मोठ्या राज्यांत हे प्रमाण अत्यल्प आहे. उरलेल्यांच्या बाबतीत ‘म्हातारपण’, ‘कावीळ’, ‘हृदयक्रिया बंद’ असे शब्द कागदावर उमटतात किंवा काहीच उमटत नाही. त्यात स्वादुपिंडाचे स्थान असे अवघड की, साध्या सोनोग्राफीत पोटातील वायूमुळे तो बहुधा झाकला जातो. खात्रीच्या निदानासाठी रक्तवाहिनीत औषध सोडून काढलेला सीटी स्कॅन आणि तो वाचणारा अनुभवी डॉक्टर लागतो. तालुक्याच्या गावी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे दुर्मीळ. ग्रामीण महाराष्ट्रात काविळीचे औषध देणारे वैदू गावोगावी आहेत. साठीपुढील माणसाला वेदना न होता कावीळ झाली, तर ती पित्तनलिकेवर दाब देणाऱ्या गाठीमुळे असू शकते. परंतु पुष्कळदा महिना-दीड महिना पथ्यपाण्यात जातो. पुढे रुग्ण खंगतो, घरीच जातो आणि कोणत्याही नोंदणीत त्याचे नाव येत नाही.

गंगेच्या खोऱ्यात आणखी एक गुंतागुंत आहे. तेथे पित्ताशयाचा कर्करोग जगातील उच्चांकी प्रमाणात आढळतो आणि त्याची लक्षणे स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी मिळतीजुळती असतात. पुरेशा तपासणीअभावी एक रोग दुसऱ्याच्या नावावर जमा होण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी असते.

बार्शी ते मुंबई

सुदैवाने या प्रश्नाचा अभ्यास करण्याचे एक उत्तम साधन महाराष्ट्रातच आहे. लोकसंख्येवर आधारित देशातील पहिली कर्करोग नोंदणी १९६३ साली मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने सुरू झाली. चीनमधील सर्वांत जुन्या नोंदण्यांपैकी एक असलेली शांघाय येथील नोंदणीही त्याच वर्षी सुरू झाली, हा एक योगायोग. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. बार्शीचे वैशिष्ट्य असे की, तेथे कार्यकर्ते गावोगावी जाऊन रुग्णांचा शोध घेतात. रुग्णालयात येणाऱ्यांची वाट पाहत बसत नाहीत.

या नोंदण्यांचे अहवाल सांगतात की, मुंबई, दिल्ली, बंगळुरू अशा महानगरांतील दर देशाच्या सरासरीहून वर आहेत आणि बार्शीसारख्या ग्रामीण भागातील दर तिच्या खाली. गावोगावी शोध घेऊनही बार्शीचा दर कमी निघतो, यावरून ग्रामीण भागातील कमी धोका हा काही अंशी खरा आहे असे मानण्यास आधार मिळतो. परंतु त्याच वेळी हेही दिसते की, मोजणी चांगली आणि जीवनमान शहरी झाले की ‘लाखात एक’ हा आकडा मागे पडतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात २८ नोंदण्यांची माहिती होती आणि त्यांनी देशाच्या सुमारे दहा टक्के लोकसंख्येला व्यापले होते. उर्वरित नव्वद टक्क्यांविषयी जे बोलले जाते तो अंदाज असतो.

राज्याराज्यांतील भेद आणखी सूक्ष्म आहेत. केरळमध्ये तरुण वयात स्वादुपिंडात खडे होऊन मधुमेह जडण्याचा एक विशिष्ट विकार आढळतो. डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी त्याचा आयुष्यभर अभ्यास केला. या रुग्णांमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो आणि तोही कमी वयात, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पूर्वी त्याचे खापर टॅपिओकाच्या आहारावर फोडले जाई. आता जनुकीय दोषांकडे अधिक लक्ष वेधले जाते. कारण काहीही असो, एका राज्यातील एका गटाचा धोका देशाच्या सरासरीत कसा विरून जातो याचे हे उदाहरण आहे.

गोव्याचे उदाहरण वेगळ्या अंगाने पाहण्याजोगे आहे. २०१६-१७च्या पाहणीनुसार प्रौढांमधील तंबाखूचा वापर गोव्यात देशात सर्वांत कमी, म्हणजे दहा टक्क्यांच्या आत होता. पण मधुमेहाच्या बाबतीत गोवा देशात अग्रस्थानी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात गोव्यातील २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आढळले. उत्तर प्रदेशात हे प्रमाण ४.८ टक्के होते. त्याच अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांची संख्या १३ कोटी ६० लाख सांगितली.

महाराष्ट्राची स्थिती याच्या उलट दिसते. येथे धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास, पण तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे, गुटखा चघळणारे जवळपास एक चतुर्थांश. बिडी-सिगारेट नाही म्हणून स्वादुपिंड सुरक्षित आहे, असे समजणे धोक्याचे ठरेल. धूरविरहित तंबाखू तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाप्रमाणेच स्वादुपिंडाच्या कर्करोगालाही कारणीभूत ठरतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने काढलेला आहे. तोंडाचा कर्करोग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. पोटातला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

मग करायचे काय?

लक्षणे नसलेल्या सर्वांची सरसकट तपासणी हा या रोगावर उपाय नाही. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवाविषयक कृतिगटाने २०१९ साली अशा तपासणीविरुद्ध स्पष्ट शिफारस केली, कारण तिच्यातून लाभापेक्षा अनावश्यक शस्त्रक्रियांचा धोका मोठा. तथापि ठरावीक लोकांकडे बारकाईने पाहणे शक्य आहे, हे जपानमधील हिरोशिमा प्रांतातील ओनोमिची या लहान शहराने दाखविले. तेथे २००७ पासून फॅमिली डॉक्टर आणि मोठे रुग्णालय यांनी मिळून एक व्यवस्था उभारली. धोक्याची एकाहून अधिक कारणे असलेल्या रुग्णाची फॅमिली डॉक्टर प्राथमिक सोनोग्राफी करतो आणि स्वादुपिंडाच्या नलिकेत किंचितही बदल दिसला की त्याला पुढे पाठवितो. तेथील रुग्णांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेले, जे तत्कालीन राष्ट्रीय सरासरीच्या पुष्कळच वर होते. यासाठी कोणतेही नवे यंत्र लागले नाही. लागले ते डॉक्टरांमधील संवाद आणि शिस्त.

भारतात याची सुरुवात मधुमेहापासून होऊ शकते. पन्नाशीनंतर प्रथमच मधुमेह जडलेल्या शंभर जणांपैकी सुमारे एकाला पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग आढळतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखविले. दहा कोटी मधुमेहींच्या देशात सर्वांचे स्कॅन करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु कुटुंबात मधुमेह नसताना साठीच्या सुमारास तो अचानक उद्भवला, वजन वाढण्याऐवजी झपाट्याने उतरू लागले, औषधे घेऊनही साखर आवरेना, तर ती नेहमीची मधुमेहाची केस नव्हे, हे ओळखण्याचे प्रशिक्षण प्रत्येक फॅमिली डॉक्टरला देता येईल. वेदनारहित कावीळ आणि पाठीकडे जाणारे पोटाचे दुखणे यांचीही त्यात भर घालावी लागेल.

दुसरा प्रश्न शस्त्रक्रियेचा. निदानाच्या वेळी शस्त्रक्रियेस योग्य असलेले रुग्ण १५ ते २० टक्केच असतात. बरे होण्याची खरी आशा त्यांनाच असते. शस्त्रक्रियेनंतर प्रभावी केमोथेरपी दिलेल्या निवडक रुग्णांचे मध्यम आयुर्मान ५४ महिन्यांपर्यंत गेल्याचे २०१८ मधील फ्रान्स व कॅनडा येथील चाचणीत दिसले. पण ही शस्त्रक्रिया पोटाच्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी एक आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ती क्वचितच करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६ टक्के आणि सतत करणाऱ्या रुग्णालयांत चार टक्क्यांहून कमी होते. नेदरलँडमध्ये म्हणूनच वर्षाला किमान वीस शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांपुरतीच ती मर्यादित करण्यात आली. महाराष्ट्रात टाटा स्मारक रुग्णालयासारखी अनुभवी केंद्रे आहेत. शासकीय विमा योजनांचे पैसे या शस्त्रक्रियेपुरते तरी अशा केंद्रांकडेच जातील आणि दूरच्या जिल्ह्यातील रुग्णाच्या प्रवासाचा व राहण्याचा खर्चही त्यात धरला जाईल, अशी तरतूद केल्यास काही प्राण निश्चित वाचतील. नुसती केंद्रे ठरवून दिली आणि गडचिरोलीच्या रुग्णाला परळपर्यंत येण्याचे साधन दिले नाही, तर प्रादेशिक विषमता वाढेल.

तिसरे काम नोंदणीचे. देशातील काही राज्यांनी कर्करोगाची नोंद कायद्याने बंधनकारक केली आहे. ती देशभर सक्तीची व्हावी, अशी शिफारस संसदीय समितीनेही २०२२ साली केली. खासगी रुग्णालये, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालये यांची माहिती एकमेकांशी जोडल्याशिवाय हा खटाटोप व्यर्थ आहे. बार्शीच्या धर्तीवर विदर्भात, मराठवाड्यात आणि कोकणात गावपातळीवर शोध घेणाऱ्या नोंदण्या उभ्या राहिल्या, तरच या राज्यातील अंतर्गत फरक समजेल.

या सर्वांहून मोठे काम अर्थातच प्रतिबंधाचे आहे. अमेरिकेतील आलेखाने दाखविले की, तंबाखू सोडल्याचे फळ दोन दशकांत मृत्युदरात दिसते आणि वाढत्या वजनाची किंमतही तेवढ्याच अवधीत मोजावी लागते. भारत आज या दोन्ही बाजूंनी पेचात आहे. तंबाखू अद्याप सुटलेला नाही आणि मधुमेह व लठ्ठपणा दाराशी येऊन ठेपले आहेत. पाश्चात्त्य देशांत ही दोन संकटे एकापाठोपाठ आली. आपल्याकडे ती एकत्र येत आहेत आणि त्यांच्या जोडीला वाढते आयुर्मान आहे.

‘लाखात एक’ या आकड्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्यातील एक भाग तरुण लोकसंख्येची देणगी आहे, जी कायम राहणारी नाही. एक भाग अज्ञानाचा आहे, जो चांगल्या मोजणीनंतर उघडा पडेल. आणि एक भाग खऱ्या सुदैवाचा आहे. पहिले दोन भाग कोणालाही वाचविता येणार नाहीत, आणि पहिला तर वाचवू नयेच; माणसे दीर्घायुषी व्हावीत हाच तर आरोग्यव्यवस्थेचा हेतू. तिसरा भाग मात्र राखता येण्याजोगा आहे. जपानला त्याची किंमत तो गमावल्यानंतर कळली. भारताला ती आधी कळण्याची संधी आहे, आणि आज ज्यांनी तिशी-पस्तिशी गाठली आहे त्यांच्या सवयींवर पुढील तीस वर्षांचा आलेख कोणत्या दिशेने जाईल हे ठरणार आहे.